दुसऱ्या-तिसऱ्या उशीमधला अद्वय

…नाही गं चैत्राली, थुंकण्याचं आधी लिही. ते वगळलंस तर अद्वयचं काय झालं ते कुणाला कळायचंच नाही. शी म्हणू नकोस, लिही. मला सांगताना कमी शिसारी येते का?

हा अद्वय म्हणजे मालिनीचा मुलगा, आपल्यापासून तीन घरं पलीकडचा. बाप शैलेंद्र इथं नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला चिपांच्या मशिनी बनवतात तिथं इंजिनियर. आईबाप पुण्याचे, पोरगं जन्मलं इथंच. आणि या पोरानं खेळ निवडला कुठला, तर ज्यात धडधाकट माणसं दिवसभर उभ्या उभ्या थुंकतात तो. इथं त्याला होंकबाल म्हणतात, बाकी जग बेसबॉल म्हणतं.

शैलेंद्रला क्रिकेटचं वेड. तो म्हणायचा, "अरे, गोल बॅट असते का कुठं? मुसळ आहे ते!" पण पोरगं सात वर्षांचं असताना शाळेनं मैदानावर नेलं आणि तिथंच त्याचा जीव अडकला. त्या खेळात कोपऱ्याकोपऱ्यावर जमिनीत उश्या बसवलेल्या असतात. मारणारा चेंडू मारतो आणि त्या उश्या शिवत पळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या उशीच्या मध्ये जो उभा असतो त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याच अंगावर येतात, सरपटत, उसळत, पिसाळल्यासारखे. ते अडवायचे, उचलायचे आणि पातं लवायच्या आत पहिल्या उशीकडं फेकायचे. अद्वयला तीच जागा हवी होती. दुसरी दिली तर तोंड वाकडं.

त्याला शिकवलं ते हार्मनं. हार्म म्हणजे क्लबातला म्हातारा, तेव्हाच साठीच्या पुढं गेलेला. पूर्वी कधीतरी खेळलेला, नंतर प्रत्येक मॅचला वही घेऊन बसायचा, कोण आला, कोण बाद झाला, सगळं पेन्सिलीनं टिपायचा. बाहेरगावी मॅच असली की मालिनी-शैलेंद्रला ऑफिस. मग हार्मच या पोराला आपल्या खटारा गाडीतून न्यायचा. "ढुंगण खाली, हात पुढं, डोळे चेंडूवर," हे त्याचं रोजचं. अद्वयचे सख्खे आजोबा साताऱ्याला, दोन वर्षांतून एकदा दिसणारे. हार्मलाच तो ओपा म्हणायचा, म्हणजे आजोबा.

आता थुंकण्याचं. हातमोज्याचं कातडं मऊ राहावं म्हणून हे लोक त्यात थुंकतात आणि चोळतात. सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि टरफलं फुर्र करून खाली. काही जण तंबाखू. बसायच्या बाकाखाली बघवत नाही, बूट ठेवला की चिकचिक. अद्वय पहिल्या दिवसापासून पाय वर घेऊन बसायचा. मालिनीनं तर फर्मान काढलेलं, "ते थुंकीचं गाठोडं घरात आणलंस तर तूही सायकलींच्या शेडमध्ये झोपशील." तो बिचारा आपला मोजा खोबरेल तेलानं मऊ करायचा, थुंकी नाही. पाण्याची बाटली ओठाला न लावता वरून प्यायचा, आपण पितो तसं. सगळी टीम एका बाटलीला तोंड लावणारी, हा एकटा मान वर करून घटघट. तिसऱ्या उशीवरचा रिक त्यांचा कॅप्टन, चौतिशीचा दांडगट. त्यानं याचं नाव कारंजं ठेवलं. "अरे कारंजं, चालू हो!" की सगळे हसणार. हा पण हसायचा. खेळायचं होतं ना.

अठराव्या वर्षी क्लबच्या मोठ्या टीमनं त्याला घेतलं. पगार जेमतेम, करार महिन्यामहिन्याचा, आणि बसायचं बाकावर. शॉर्टस्टॉपच्या जागेवर कुरासाव बेटावरचा एक पोरगा होता, वाऱ्यासारखा. अद्वय दोन हंगाम त्याच्याकडं बघत बसला. प्रशिक्षक वेसेल म्हणायचा, "धीर धर." धीर धरून धरून त्याचे कॉलेजचे मित्र पास होऊन नोकरीला लागले.

मग कोरोना आला. कुरासावचा पोरगा हिवाळ्यात घरी गेलेला, विमानं बंद झाली, तो तिकडंच अडकला. माणसं मरत होती आणि अद्वय शेडच्या भिंतीवर चेंडू मारत होता. जागा रिकामी झाली म्हणून मनात उकळ्या फुटत होत्या आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. हे त्यानं स्वतः सांगितलं, आपल्याच ओट्याशी उभं राहून.

जुलैत खेळ सुरू झाला, आणि काय नियम आले माहितीये? थुंकायचं नाही. बिया नाहीत. एकमेकांची बाटली नाही. वेसेलनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून सगळ्यांनी कारंज्यासारखं प्यायचं." अद्वयला वाटलं, देवानं माझ्यासाठीच नियम केलेत! आठवडाभर टिकले. मग होंकबाल संघटनेचा माणूस तपासायला आला की सगळे सोवळे, त्याची गाडी वळली की थू. वेसेलच पहिला.

पण पोरगं खेळलं गं. उन्हाळाभर दुसऱ्या-तिसऱ्या उशीच्या मध्ये असा उभा राहिला की शैलेंद्रनंसुद्धा मुसळाची थट्टा बंद केली. सप्टेंबरच्या शेवटी वेसेल म्हणाला, "रविवारची मॅच जिंकलो की फायनल. आणि सोमवारी तुझा करार, पक्का, दोन वर्षांचा. जागा तुझी." आयुष्यात त्यानं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

शनिवारी सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत अद्वय बुटाची नाडी सोडत होता. पलीकडं रिक वेसेलला मोबाईल दाखवत होता. रिक दोन दिवस खोकत होता, टेस्ट करून आला होता. वेसेलनं वाचलं, "पॉझिटिव्ह" असं पुटपुटला, मोबाईल उलटा करून बाकावर ठेवला. मग अद्वय दिसला.

"ऐकलंस?"

अद्वय सोडलेली नाडी परत बांधायला लागला.

"ताप नाही त्याला. उघड्या मैदानात खेळायचंय, खोलीत नाही. तो नसला तर आपण हरतो, हरलो तर पुढच्या वर्षी माझ्याकडं करार द्यायला काही नाही. कळतंय ना? तू शहाणा मुलगा आहेस."

रिक हसला. "त्याला काय भीती? तो कुणाचं उष्टं पीत नाही."

आणि बघ, हेच त्याला पटलं! याच्यासाठी मी जीव काढून सांगतेय. लहानपणापासून मालिनीनं, मी, आपण सगळ्यांनी हेच शिकवलं, उष्टं खाऊ नको, तोंड लावू नको, लांब राहा. कुणी असं शिकवलंच नाही की दुसऱ्यालाही लांब कर. त्याला वाटलं, मी माझं सांभाळतो, माझे हात स्वच्छ.

रविवारी प्रेक्षकांना बंदी होती, कॅन्टीन बंद. पण हार्म होता, वही लिहायला माणूस लागतोच. शहात्तर वर्षांचा. घरून दोन मोठे थर्मास भरून कॉफी आणलेली, पोरांना थंडीत गरम काही मिळावं म्हणून. दोन डावांच्या मध्ये तो सगळ्यांना कप देत फिरला. अद्वयपुढं कप धरला.

"घे, तुझ्यात साखर जास्त घातलीये."

"नको ओपा. आज नको."

"पोट बरंय ना?"

"बरंय."

हार्म पुढं रिककडं गेला. रिकनं कॉफी प्यायली, कपात खोकला, कप परत दिला. हार्मनं सगळे उष्टे कप एकात एक घातले, उघड्या हातानं. मग आपल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि वहीचं पान उलटायला बोट जिभेला लावलं. ओलं केलं, पान उलटलं. परत लावलं.

अद्वयनं बघितलं. चार पावलांवर उभा होता. एक शब्द पुरला असता, "ओपा, थांब." एवढाच. त्याच्या घशापर्यंत आला होता, तो म्हणतो. तेवढ्यात वेसेल ओरडला, "मैदानात!" आणि हा पळाला.

त्या दिवशी तो आयुष्यात खेळला नव्हता तसा खेळला. शेवटचा चेंडू त्याच्या डाव्या हाताला लांब गेलेला, यानं अंग टाकून अडवला, गुडघ्यावरूनच फेकला, माणूस बाद. जिंकले. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. कसला नियम नि कसलं काय, रिकनं याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. आणि लांबून हार्म वही हलवत होता, म्हातारा रडत होता आनंदानं.

सोमवारी करारावर सही झाली. मालिनीनं शिरा केला, आपल्याकडंही आला होता वाटीभर. मी पण खाल्ला, मला काय माहीत.

गुरुवारी हार्मला ताप. हौसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, फोनवर म्हणाला पॅरासिटामॉल घ्या. रविवारी ॲम्ब्युलन्स आली. तीन आठवडे नळ्या घालून पालथा झोपवलेला. अद्वयची टेस्ट केली, काही नाही. रिक चार दिवसांत ठणठणीत. वेसेल म्हणाला, "म्हातारा माणूस, दुकानात बिकानात लागला असेल." आणि असं म्हणून पचकन थुंकला. अद्वय मला म्हणाला, "आजी, मला वाटलं आता ओकारी येईल. पण ती त्याची नव्हती, माझीच होती."

मग सगळंच परत बंद झालं, फायनलही लांबली. हिवाळा गेला. हार्म जगला, पण घरी आला तो नाकात ऑक्सिजनची नळी लावून. जानेवारीत अद्वय त्याच्या खिडकीशी गेला. आत जायला बंदीच होती. हार्मच्या बायकोनं खिडकी थोडी उघडली. हार्म खुर्चीत, गालफडं बसलेली. याला बघून हसला, हातानं चेंडू उचलायची खूण केली. अद्वयनं तिथंच, थंडीत उभं राहून सगळं सांगितलं. मोबाईल, वेसेल, करार, सगळं.

हार्मनं बराच वेळ श्वास गोळा केला.

"शनिवारी माहीत होतं?"

"हो."

"म्हणून माझी कॉफी नको म्हणालास."

"हो."

"फक्त आपल्यापुरतं सांभाळलंस."

बायको खिडकी लावायला पुढं झाली, तर हार्मनं तिला हातानं थांबवलं. स्वतः उठला, नळीसकट, खुर्चीला धरत धरत आला आणि खिडकी त्यानंच लावली. पडदापण त्यानंच ओढला.

एप्रिलमध्ये सराव सुरू झाला. अद्वय गेला, आपल्या जागेवर उभा राहिला. पहिलाच चेंडू आला, अडवला, फेकला. मग हातमोजा काढून काखेत धरला आणि सगळ्या टीमसमोर बोलला. संघटनेला पत्र पाठवलंय म्हणाला, रिकचं नाव आहे, वेसेलचं आहे, माझंही आहे.

रिक म्हणाला, "इतकी वर्षं तुझ्या तोंडात थुंकी नव्हती, आता आली वाटतं!"

वेसेल म्हणाला, "जागा हवी होती ना तुला? भीक मागत होतास."

"हवी होती," अद्वय म्हणाला. "अजून हवीये." आणि निघून आला. करार त्यानंच मोडला. चौकशी झाली, कागद झाले, मोबाईलवरचा निरोप रिकनं पुसलेला होता, पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. वेसेल अजून तिथंच आहे. शॉर्टस्टॉपच्या जागेवर दुसरं पोरगं आलं, ते बोलत नाही म्हणे काही, गुणी आहे.

एक उन्हाळा खेळला अद्वय, बस, एवढंच झालं त्याचं. आता शाळेत पोरांना खेळ शिकवायचं शिक्षण घेतोय. मालिनी म्हणते, एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, माणूस वाचला ना. मला तिचा राग येतो. हार्मला जिना चढता येत नाही, वहीचं पान उलटायला दम लागतो, आणि म्हणे वाचला. अद्वय दर महिन्याला त्याच्या दारात जातो. दार उघडत नाही. हा परत येतो. मी त्याला म्हणत नाही जाऊ नको, आणि म्हणत नाही की उघडेल म्हणून. मला तरी कुठं माहीत आहे?

बरं, आता शेवटचं, हे नीट लिही. आपल्या मराठी मंडळात ती नीलिमा नवीन आलीये ना, पुण्याहून, ती परवा विचारत होती, मुलीला होंकबालला घालायचंय, तो क्लब चांगला आहे का, म्हणे ट्रॉफ्या खूप आहेत. मी तेव्हा शैलेंद्रसमोर बोलले नाही, गिळलं. मंडळात हे वाचणाऱ्यांपैकी जो कुणी तिला आधी भेटेल त्यानं तिला माझा निरोप द्या. खेळ वाईट नाही, पोरीला जरूर घाल. पण नाव घालायला जाशील तेव्हा वेसेलला आधी एवढंच विचार, तुमचा हार्म कुठं असतो हल्ली? आणि तो तोंड कसं करतो ते बघून मग सही कर.