चित्रातून कापलेली म्हातारी

सौदीतल्या अल खर्जच्या आमच्या घरात सोफ्याच्या वर एक चित्र आहे. डोळे मिटलेली तरुण आई, तिच्या खांद्याशी झोपलेलं मूल, भोवती रंगीत ठिपके. माझ्यासारख्या बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरच्या घराला शोभेल असंच. चित्रकार ऑस्ट्रियाचा, खूप नावाजलेला, यापलीकडे त्याची चौकशी मी कधी केली नव्हती.

या वर्षी आई साताऱ्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. मुदत वाढवता आली असती. पण आम्ही दोघं दिवसभर हॉस्पिटलात, मुलीची दहावी, अशी कारणं जोडत मी तिचं परतीचं तिकीट काढलं आणि तिला सांगायचं टाळत राहिले. साताऱ्यात ती एकटी असते. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडली होती.

एका शुक्रवारी सकाळी, मन दुसरीकडे वळवायला म्हणून, मी फोनवर त्या चित्रकाराबद्दल वाचत बसले आणि डोक्याचा पार भुगा झाला. विद्यापीठासाठी त्यानं मोठी चित्रं काढली, ती अश्लील म्हणून प्राध्यापकांनी गहजब केला, तेव्हा या गृहस्थानं पैसे परत करून चित्रं काढून घेतली. मला तो आवडलाच. पुढे वाचलं, तर लग्न केलं नाही, आई आणि बहिणींबरोबर राहिला, आणि स्टुडिओत येणाऱ्या बायकांपासून मुलं मात्र झाली. आईपाशी राहिला म्हणून कौतुक करावं, की त्या बायकांचं काय म्हणून चिडावं? मला काहीच ठरवता येईना.

मग पूर्ण चित्र समोर आलं. त्या आईशेजारी एक नागडी म्हातारी उभी होती. पोट सुटलेलं, केस तोंडावर, हातानं चेहरा झाकलेला. आमच्या भिंतीवर तिचा पत्ताच नव्हता.

मी तडकले. इथे पूर्वी मासिकांतल्या बायकांच्या उघड्या दंडांवर काळं फासलेलं मी पाहिलंय. हा उद्योग इथल्याच कुणाचा तरी, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, चित्र साताऱ्याचं आहे, तुझ्या आईंनीच फ्रेमवाल्याशी घासाघीस करून घेतलं होतं. नेटवर शोधलं, तर ते सगळीकडे असंच विकतात, म्हातारी वगळून. कुणाची जबरदस्ती नव्हती. लोकांना ती घरात नको होती. मीही पूर्ण चित्र घेतलं नसतं, हे मनाशी कबूल करताना मला लाज वाटली.

आमचं बोलणं ऐकून आईनं चष्मा लावला आणि फोन मागितला. असलं उघडं चित्र तिला कसं दाखवायचं म्हणून मी चाचरले, तर म्हणाली, सासूबाईंना सहा वर्षं मीच आंघोळ घातलीय. तिनं बराच वेळ पाहिलं.

"तोंड का झाकलंय हिनं? शेजारची उठून विचारत का नाही?"

फोन परत देताना, चहा कधी टाकतेस म्हणावं तितक्या सहज तिनं विचारलं, "मला कधी पाठवताय?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

तिकीट त्याच फोनमध्ये होतं. तरी मी खोटं बोलले की खरं, हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.