भिकन अहिरेचा हॉटेलमुक्काम

माणूस हॉटेलात राहायला परगावी जातो. भिकन अहिरे नाशिक रोडवरून निघाला आणि त्याच नाशकातल्या मुंबई नाक्याला उतरला. मधे द्वारका चौकातला खोळंबा सोडला, तर प्रवास म्हणावा असं काही घडलं नाही. तरी निघताना त्याने शेजारच्या लंकाबाईंना झाडांना पाणी घालायला सांगितलं, दोन दिवस बाहेरगावी चाललोय म्हणाला. कुठे, असं त्यांनी विचारलं तर "जरा लांब," म्हणाला. आता हा किस्सा तो स्वतःच कॉलनीभर सांगत फिरतो, आणि स्वतःला शिव्या घालायला इथूनच सुरुवात करतो.

त्याचं झालं असं, की धाकट्या चैतालीचं लग्न जमण्याच्या बेतात होतं. मुलगा सुगत गजभिये, नागपूरचा. अंबडच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी धाडलेलं, आणि ठेवलेलं अशा हॉटेलात, जिथे एकेकाला हॉल, बेडरूम आणि छोटंसं स्वयंपाकघर असा अख्खा सूट. लोक तिथे महिनोन्‌महिने संसार थाटतात म्हणे. शनिवार-रविवारी सुगतचे आईवडील नागपूरहून येणार होते. पोरानेच शक्कल काढली, की तुम्हीही या, शेजारचा सूट घेतो. चहा-पोह्यांच्या अर्ध्या तासात कोण कसं आहे ते काय कळणार?

भिकनच्या बायकोला, मालनबाईला, हे एकदम पटलं. थोरल्या पायलच्या वेळी त्यांनी काही विचारलं नव्हतं, आणि आता तिला एका रात्रीसाठी माहेरी यायचं तर चार जणांची परवानगी काढावी लागते. म्हणून मालनबाईने नवऱ्याला एकच काम सांगितलं. चैतालीची नोकरी चालू राहील का, तिला मोकळेपणाने येऊ-जाऊ देतील का, एवढं विचारा. मी विचारलं तर टोचून बोलल्यासारखं होईल. तुम्ही बाप आहात, तुम्ही विचारा.

भिकनने मान डोलावली. पण त्याआधी फोनवर व्याह्यांशी दोन शब्द झाले होते, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. व्याही म्हणाले, मी डिफेन्समधून निवृत्त. भिकनच्या डोळ्यांसमोर लगेच कर्नल उभा राहिला, मिशीसकट. आता आपण काय सांगायचं? जन्म गेला नोटांच्या कारखान्यात मशीनपाशी उभं राहून. भिकनने घसा खाकरला आणि म्हणाला, "मी फायनान्सला होतो." चैतालीने डोळे वटारले, तर तिलाच गप्प बसवलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात. भिकनने आयुष्यभर पैसाच छापलेला, त्याला वाटलं आपल्याला तेही जमेल.

मग काय, दोन दिवस नुसता तमाशा. बॅग न्यायला आलेल्या पोऱ्याशी त्याने ओढाताण केली आणि मग साहेब असल्याचं आठवून एकदम सोडून दिली, तर पोऱ्या मागे कलंडला. सकाळी खोली झाडायला बाई येणार म्हटल्यावर त्याने तिच्याआधीच चादरी ताणून घड्या घालून ठेवल्या. लोकांसमोर पसारा बरा दिसत नाही. ती बाई, कुसाबाई तिचं नाव, दारातूनच हसली आणि म्हणाली, दादा, मग मी काय करू? नाश्त्याला व्याह्यांनी, म्हणजे थोरल्या गजभियांनी, बिनदुधाची कॉफी घेतली, म्हणून यानेही घेतली. कारल्याचा रस बरा. पण "वा, हीच खरी कॉफी," म्हणत त्याने कप संपवला. शेवटचे घोट घेताना गजभियांचं तोंडही वाकडं झालं होतं, पण ते बघायला भिकनला फुरसत कुठली? तो स्वतःचंच तोंड सांभाळत होता.

सूटमधलं स्वयंपाकघर बघून मालनबाईने मात्र पहिल्या संध्याकाळीच पिठलं-भाकरीचा बेत केला. घरून पीठ आणलंच होतं तिने. भिकनने दबक्या आवाजात तिला झापलं, की कर्नलला पिठलं? ती म्हणाली, कर्नल जेवत नाहीत का? विशाखाबाई, म्हणजे सुगतची आई, येऊन ओट्याशी उभ्या राहिल्या आणि दोघींचं सूत जुळलं ते तिथेच. पुरुष मात्र हॉलमध्ये सोफ्याच्या दोन टोकांना बसून देशाच्या परिस्थितीवर बोलत होते, दोघांनाही त्यातलं काही कळत नसताना. रविवारी सकाळी सगळे डोंगरावरची लेणी बघून आले. पायऱ्यांवर गजभिये आणि भिकन बरोबर चालले होते, विचारायची ती वेळ होती. मालनबाईने मागून तीनदा खाकरून दाखवलं. भिकनने व्याजदरांचा विषय काढला.

दुपारी निघायची वेळ झाली. लिफ्टमध्ये मालनबाई नवऱ्याच्या कानाशी एवढंच म्हणाली, "विचारलं नाही ना तुम्ही?" एका पोरीच्या वेळी गप्प राहिलो, आता दुसरीच्या वेळीही. कसला बाप मी, कपडे इस्त्रीचे आणि जीभ गहाण. त्याच विचारात, मान खाली घालून, तो सगळ्यांच्या पुढे लॉबीतून दाराशी आला.

दाराशी निळ्या कपड्यातला गार्ड उभा होता, हातात ती पीं वाजणारी दांडी. भिकनची मान खालीच होती. त्याला दिसला तो निळा कपडा आणि पुढे दार. बस्स. त्याने बॅग खाली ठेवली, चेन उघडली, खिशातला रुमाल बाहेर काढला, पाय फाकवले आणि दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला. नोकरीत असताना रोज संध्याकाळी सुटताना तो असाच उभा राहायचा. नोटांच्या कारखान्यातून झडती दिल्याशिवाय कोण बाहेर सोडतं? डोकं ठिकाणावर नसलं तरी अंग विसरत नाही.

गार्ड बिचारा गोंधळला. हळूच म्हणाला, सर, आम्ही आत येतानाच बघतो, जाताना नाही. भिकन भानावर आला. संपलं, त्याला वाटलं. फायनान्सवाले साहेब लॉबीच्या मधोमध चोरासारखे हात पसरून उभे, आणि पोरीचं सासर मागून बघतंय. धरणी पोटात घेईल तर बरं. हात खाली करायचंही त्याला सुचेना. कसाबसा तो मागे वळला.

मागे गजभिये उभे होते. पाय फाकवलेले, हात आडवे, एका मुठीत किल्ल्या आणि सुटे पैसे, बॅग उघडी. डोळे मिटलेले, आपली पाळी यायची वाट बघत.

डोळे उघडल्यावर त्यांना समोर भिकन दिसला, हात अजून तसेच पसरलेले. दोघं तसेच एकमेकांकडे बघत राहिले. मग दोन दिवस चापूनचोपून शुद्ध बोलणाऱ्या गजभियांच्या तोंडून खरं नागपूर बाहेर पडलं.

"तुमीबी काय जी?"

भिकनला आधी हसू फुटलं, मग ते आवरेना. दोघं लॉबीतल्या सोफ्यावर बसले, या वेळी एकाच टोकाला. भिकनने नोटांचा कारखाना कबूल केला, मग गजभियांनीही सगळं सांगून टाकलं. दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात ते कामगार होते. आत जाताना काड्यापेटीसाठी झडती, बाहेर येताना डब्याची झडती. फायनान्सवाला व्याही म्हटल्यावर छाती दडपली, म्हणून डिफेन्सला चिकटून राहिले. कॉफीने तर अजून तोंड कडू होतं. चैताली आणि सुगत शेजारी उभे राहून, आता हसावं की यांना ओळखच दाखवू नये, अशा तोंडाने बघत होते.

हसता हसताच भिकनच्या तोंडून ते निघून गेलं. "गजभिये, माझ्या पोरीला नोकरी करू द्याल ना? येऊ-जाऊ द्याल?"

गजभियांचं हसू थांबलं. ते सरकून जवळ आले.

"भाऊ, आपल्या दोघायची जिंदगी गेली गेटवर हात वर करून. तुमच्या पोरीले माझ्या घरात कोनी नाही अडवनार. वाटलं तवा जावं तिनं, वाटलं तवा यावं."

भिकनने सगळ्या लॉबीदेखत त्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडला. गजभियांनीही मग मागे राहायचं नाही असं ठरवलं. मालनबाईने विशाखाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे दोघे रडतायत तोवर आपण तारीख ठरवून घेऊ."