कॅप्टनचं ‘ने’

मी जहाजावर फिटर होतो तेव्हा आमचा कॅप्टन ग्रीक होता आणि केबिनमधला माझा जोडीदार बल्गेरियन. जोडीदाराला इंग्रजी जेमतेम यायचं. त्याच्याकडे सिगारेट मागितली की तो मान वरखाली करून "ने" म्हणायचा आणि पाकीट खिशात टाकायचा. दोन-तीनदा फसल्यावर मला कळलं की त्यांच्यात अशी मान हलवली की नकार, आणि ‘ने’ म्हणजे नाही. त्यावरून आम्ही खूप हसायचो.

जहाज जुनं, वायफाय नाही. घरी बोलायचं तर ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतला सॅटेलाइट फोन, तोही कॅप्टनच्या परवानगीने. एका सकाळी कंपनीकडून निरोप आला. आईला परळच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलंय, बहिणीला फोन कर. मी हात पुसत वर धावलो. कॅप्टन रेडिओवर कुणाशी तरी वाद घालत होता.

"सर, आई आजारी आहे. घरी फोन करू?"

त्याने माझ्याकडे धड बघितलंही नाही. मान वरखाली केली, "ने, ने" म्हणाला आणि पुन्हा रेडिओकडे वळला.

मी खाली आलो. राग आला होता, पण त्याहून भीती जास्त. कॉन्ट्रॅक्ट नवं होतं. उलट बोललो तर पुढच्या बंदरात उतरवतील, असं डोक्यात बसलेलं.

चौथ्या दिवशी दुपारी कॅप्टन आमच्या मेसमध्ये आला. "आई कशी आहे?"

"मला काय माहीत? तुम्ही फोन करू दिला नाहीत."

"मी हो म्हणालो होतो," तो म्हणाला. "ने. आमच्यात ने म्हणजे हो."

त्याचा चेहराच उतरला. मला दंडाला धरून तो वर घेऊन गेला, नंबर स्वतः फिरवून स्पीकर लावला.

ताईने उचलला. "अरे, होतास कुठे तू?" मग ती नुसती रडत राहिली. आई आदल्या दुपारी गेली होती. भोईवाड्याच्या स्मशानात सगळं उरकलंही होतं.

"शेवटपर्यंत शुद्धीवर होती रे," ताई म्हणाली. "कुणीही आत आलं की तिला वाटायचं तूच आलास. ‘घरी ने मला, घरी ने,’ एवढंच म्हणायची."

कॅप्टन माझ्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं. त्यातला एक शब्द मात्र त्याच्या कानावर गेलाच असणार.

सात महिन्यांनी घरी आलो. ताईने विचारलं तेव्हा रेंज नव्हती म्हणून सांगितलं. परत जहाजावर गेलो नाही. शिवडीला एका गोदामात लागलो.

ताई गिरगावात राहते. तिच्या बिल्डिंगमध्ये खाली एक निवृत्त भाषाशिक्षिका आहेत. एका रविवारी मी त्यांना गाठून विचारलं, हा ‘ने’ नक्की कुणाचा? त्यांनी बसवून समजावलं. बल्गेरियन ‘ने’ आपल्या ‘न’चा सख्खा नातेवाईक, मूळ एकच. ग्रीकांचा ‘ने’ वेगळ्याच मुळाचा, ‘खरंच’ असं ठासून सांगणारा जुना शब्द. फ्रेंचमध्ये ‘ने’ म्हणजे जन्मलेला, लॅटिनवरून आलेला. इटालियनमध्ये ‘ने’ म्हणजे त्यातलं, तिथलं. आणि आपला ‘ने’ संस्कृतातल्या ‘नी’ धातूचा. आवाज तेवढा सारखा.

वाटलं होतं, समजल्यावर थोडं हलकं वाटेल. नाही वाटलं.

तसाच वर ताईकडे गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"परत का नाही विचारलंस त्याला?"

"भीती वाटली गं."

"आईलाही वाटत होती," ती म्हणाली.

माझ्याकडे न बघता ती पुन्हा मेथी निवडू लागली. जेवूनच जा, असं ती नेहमी म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही, आणि मीही थांबलो नाही. आता सणावारी फोनवर बोलतो आम्ही, तब्येतपाणी विचारतो. ये म्हणून तिने अजून बोलावलेलं नाही.