खुनी कोण, ह्याचा कौल

माझ्या थोरल्या मामाइतका गोंधळलेला रहस्यकथाकार साऱ्या महाराष्ट्रात झाला नसेल. ओरोसच्या कचेरीतून एसटीने कसालला परतला की तो पडवीत बसून कादंबरी लिही, आणि अक्षर बरं म्हणून तिची पक्की प्रत मी काढत असे. मी तेव्हा शाळेत नुकती शिक्षिका झाले होते. सहाव्या प्रकरणात खाडीत बुडालेल्या सुरीने आठव्या प्रकरणात बिनदिक्कत कांदा चिरला जाई. मी चूक दाखवली की मामा शांतपणे म्हणे, "अगो, खुनी कोण ता माकाच म्हायत नाय, तर वाचकाक खंयसून कळतला?"

पात्रं तो गावातूनच उचली, अंगावरच्या कपड्यांसकट, आणि मग त्यांच्यावर संशय घेणं त्याच्या जिवावर येई. मासळीवाल्या काकीला त्याने खुनाच्या संध्याकाळी खाडीकाठी उभं केलं. दुसऱ्या दिवशी तिने चार बांगडे जास्त घातले आणि ती निर्दोष सुटली. शिंपी सुटला, कारण त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मेलेला इसम तेवढा जागचा हलत नव्हता. डावखुरा, हसताना डोळे मिटणारा, पेजेत गूळ घालून खाणारा हा इसम कोण, ते मला पहिल्याच पानावर कळलं होतं. तो माझा धाकटा मामा. थोरल्या भावाशी भांडून बोटीवर नोकरीला गेला, त्याला बारा वर्षं झाली, आणि त्याचं एक पत्र नाही. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे. मीही काढलं नाही, नुसती उतरवत गेले.

मुंबईचा एक प्रकाशक कादंबरी छापायला कसाबसा तयार झाला, पण शेवटचं प्रकरण त्याला चतुर्थीच्या आत हवं होतं. मामा इतका भांबावला की एका सकाळी वही काखेत मारून, मला घेऊन सरळ देवळात गेला. आमच्याकडे लग्न, विहीर, बदली, सगळं देवाला कौल लावून ठरतं. खुनाचा कौल मात्र आजवर कोणी लावला नव्हता. गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मामा एकेका संशयिताचं नाव घेई आणि डावी पाकळी पडे. सातही जण सुटले. मी गोंधळले, मामा गोंधळला, देवही बहुधा गोंधळला असावा.

गुरवाने घाम पुसला. "सगळे निर्दोष. मगे मेलो तो खराच मेलो काय, ता इचारलंस?"

आणि तो नव्याने पाकळ्या लावू लागला. मामाने त्याचा हात धरला.

"ह्यो कौल नको," तो म्हणाला. "नको."

परतताना त्याने वही माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "बाय, पयल्या पानार थोडो बदल कर. तो मेलो नाय. खंय गेलो ता कळाक नाय, असा लिही."

मी तसं लिहिलं. प्रकाशकाला काहीच गेलं नाही. आता मामाही नाही, आणि मला त्याची फार आठवण येते. वही माझ्याकडे आहे. शेवटची पानं त्याने कोरी ठेवायला सांगितली होती, ती तशीच आहेत.