आमचे ऑर्थो सर

आमच्या नर्सिंगच्या शाळेत हाडांचे डॉक्टर शिकवायला कधी आले नाहीत, पण ‘ऑर्थो सर’ मात्र होते. ते इंग्रजी शिकवत. वही हातात आली की ती खिडकीच्या उजेडाकडे धरायची, मान जरा तिरपी करायची, डोळे बारीक करायचे आणि एक्स-रे बघितल्यासारखं हळू आवाजात सांगायचं, “हे बघ लेकरा, इथं मोडलंय. आणि ही दोन हाडं आहेत, पण मधला सांधाच गायब आहे.” आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचनं हे नाव ठेवलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की बीडच्या त्या शाळेत सरांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

या नावापायी एकदा मोठी गंमत झाली. आमची शाळा होती त्या दवाखान्याच्या आवारात पाटोद्याकडचे एक म्हातारे गृहस्थ ‘ऑर्थोवाले साहेब कुठं बसतात’ म्हणून विचारत फिरत होते. आमच्यातल्या एका भोळ्या मुलीनं त्यांना सरळ सरांच्या खोलीत नेऊन बसवलं. सर तास संपवून आले तर खुर्चीत हे बाबा धोतर गुडघ्याच्या वर सारून बसलेले. “साहेब, बसलं की उठता येत न्हाई, अन् उठलं की बसता येत न्हाई,” असं म्हणून त्यांनी सरांचा हात धरला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. सरांनी तो काढून घेतला नाही. दोन मिनिटं सगळं नीट ऐकून घेतलं, मग त्यांना आधार देत ओपीडीत नेलं, त्यांच्यासाठी केसपेपरच्या रांगेत स्वतः उभे राहिले आणि आमचा पुढचा तास अर्धा संपल्यावर वर्गात आले. सर चिडले असतील असं वाटून आम्ही माना खाली घातल्या. सर म्हणाले, “आज आपण एक गुडघा रेफर केला. घ्या वह्या.” आणि मग त्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की तास तिथंच संपला.

मी दिंद्रुडची. आमच्याकडं इंग्रजी म्हणजे गाइडातली उत्तरं पाठ करायची आणि परीक्षेत ओतून यायची. स्वतःच्या मनानं चार ओळी लिहायची वेळ आली की आम्ही साऱ्याजणी एकाच शब्दाचा आधार घ्यायचो, तो म्हणजे ‘अँड’. पेशंट आला अँड ताप होता अँड गोळी दिली अँड नातेवाईक आले अँड घरी गेला. सरांनी माझा असाच एक परिच्छेद वर्गात मोठ्यानं वाचला आणि शेवटी खरोखर धाप लागल्यासारखं टेबलाला टेकले. “लेकरा, अँड म्हणजे आपली काळीपिवळी जीप. हात दाखवला की थांबते आणि जो येईल त्याला कोंबते. आत बसलेल्यांचं एकमेकांशी काही नातं आहे का, हे ड्रायव्हर विचारत नाही. पण नर्सनं विचारायला पाहिजे. ताप होता म्हणून गोळी दिली, की गोळी दिली म्हणून ताप आला?” वर्ग हसला, मीही हसले. पण त्या दिवसापासून ‘अँड’ लिहिताना माझा हात थबकायला लागला.

दुसरं त्यांचं आवडतं दुखणं म्हणजे ‘ऑल्दो’ आणि ‘बट’. मराठीत ‘जरी’ आलं की मागं ‘तरी’ येणारच, त्यामुळं आम्ही इंग्रजीतही ऑल्दो लिहिलं की पुढं बट लिहायचोच. सर सांगायचे, “जरी-तरी हे आपल्याकडचं जोडपं. लग्नाला जाणार तर दोघं जाणार. इंग्रजीत तसं न्हाई बरं. तिथं ऑल्दो आला की बट घरी राहतो, आणि बट आला की ऑल्दो. तुम्ही दोघांनाही पंगतीला बसवता आणि मग मार्क जातात.” शुद्ध बोलताना मध्येच असा त्यांचा ‘न्हाई’ निसटायचा. रागावले की जास्तच. पण रागावायचे फार क्वचित.

अर्धवट वाक्याची मात्र त्यांना खरी चीड होती. कोणी ‘बिकॉज द पेशंट वॉज फास्टिंग’ एवढंच लिहून पुढं पूर्णविराम दिला की ते त्या मुलीच्या बाकाजवळ जाऊन कानामागं हात धरून उभे राहत. “उपाशी होता, म्हणून? पुढं काय झालं? चक्कर आली? ऑपरेशन झालं? मी उभा आहे, सावकाश सांग.” ती बिचारी काहीतरी पुरं करेपर्यंत ते हलत नसत. एकदा घंटा झाली, पुढच्या तासाच्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी सर तसेच. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “द ऑपरेशन वॉज डन इन द मॉर्निंग.” सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले.

पण सगळ्या शाळेत गाजलं ते एका मुलीचं वाक्य, ‘हॅविंग व्हॉमिटेड ट्वाइस, द डॉक्टर वॉज इन्फॉर्म्ड.’ सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, “उलट्या कोणाला झाल्या?” आम्ही एका सुरात, “पेशंटला!” सर म्हणाले, “वाक्यात पेशंट कुठं दिसतोय का तुम्हाला? मला तर डॉक्टरच दिसतायत.” मग ते स्वतःच डॉक्टर झाले, गळ्यातला मफलर स्टेथोस्कोपसारखा धरला आणि पोट आवळून दोनदा ओकल्याचं असं काही नाटक केलं की बाहेरून जाणारा शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आत धावला. त्यानंतर कितीतरी दिवस वॉर्डात डॉक्टर राउंडला आले की आम्ही एकमेकींकडं बघणं टाळायचो.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तिसऱ्या वर्षी रुबीनाचं प्रकरण झालं.

रुबीना माझी खोलीतली जोडीदारीण. हाताला चांगली, शीर एका दमात सापडायची तिला, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की तिला घाम फुटायचा. स्त्रियांच्या वॉर्डात आम्हा दोघींची सकाळची ड्यूटी होती. लिंबागणेशच्या एका आजींना शिरेतून हळूहळू द्यायचं एक इंजेक्शन रुबीनानं सिस्टरांसमोर सुरू केलं. सिस्टर पुढच्या खाटेकडं वळल्या आणि थोड्याच वेळात आजींच्या अंगावर लाल गांधी उठल्या. रुबीनानं लगेच इंजेक्शन थांबवलं आणि पळत जाऊन डॉक्टरांना आणलं. औषधोपचार झाला, दुपारपर्यंत आजी उठून बसल्या. जे करायला पाहिजे होतं ते सगळं तिनं केलं होतं. मग तिनं रिपोर्ट लिहिला. ‘इंजेक्शन गिव्हन पेशंट हॅड रॅश स्टॉप्ड डॉक्टर इन्फॉर्म्ड.’ मध्ये ना विराम, ना जोडणारा शब्द.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर रजेवर गेले, आणि आजींचा मुलगा मेट्रन मॅडमच्या दारात तक्रार घेऊन उभा राहिला. अंगावर आधीच गांधी असलेल्या बाईला या शिकाऊ पोरीनं इंजेक्शन दिलंच कसं, असं त्याचं म्हणणं. कोणीतरी त्याला रिपोर्ट तसा वाचून दाखवला होता. खरं सांगायचं तर तो तसाही वाचता येत होता. सिस्टर ‘मी दुसऱ्या खाटेकडं होते’ म्हणून मोकळ्या झाल्या, मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि मेट्रन मॅडमनी रुबीनाची ड्यूटी बंद केली. चौकशीत दोष ठरला असता तर शाळेतून तिचं नाव कमी झालं असतं. तिच्या घरी मोठा भाऊ तिच्या शिकण्याच्या विरोधातच होता. त्याला एवढं निमित्त पुरलं असतं.

“अल्ला, ये क्या लिख दी मैं,” म्हणून ती खाटेवर बसून राहिली. जेवली नाही. वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरनं तिला हळूच सांगितलं, “एक टिंब टाक गं ‘गिव्हन’च्या पुढं. कोणाला कळतंय?” आम्ही दोघी ते विचारायला सरांकडं गेलो. इतकी वर्षं आम्हाला टिंबं टाकायला लावणारा माणूस, हेही टाका म्हणेल असं वाटलं होतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “लेकरा, काल टाकलं असतंस तर तो पूर्णविराम होता. आज टाकलास तर ते खोटं होईल. आणि खोटं सापडलं की तुझं खरंही कोणी ऐकणार न्हाई. चला, उठा.”

ते आम्हाला घेऊन थेट मेट्रन मॅडमकडं गेले. मॅडम म्हणाल्या, “सर, हा दवाखान्याचा विषय आहे. तुमचं इथं काय काम?”

“वाक्य माझ्या खात्यातलं आहे, मॅडम,” सर म्हणाले. “हे वाक्य मोडकं आहे, मी नाकारत नाही. पण मोडक्या वाक्यावरून माणसाचा निकाल लावू नका. जिच्या अंगावर हे सगळं घडलं, तिलाच विचारू या ना.”

मॅडम उठल्या. आम्ही सगळे वॉर्डात गेलो. आजी खाटेवर मांडी घालून दूध-भाकर खात होत्या, मुलगा शेजारी उभा. मॅडमनी विचारलं, “आजी, अंगावर गांधी कधी उठल्या? सुईच्या आधी का नंतर?”

आजींनी घास गिळला. “आधी कशाला उठतील? या लेकरानं सुई सुरू केली, मंग अंगाला खाज सुटली. म्या आरडले तसं हिनं सुई बंद केली अन् पळत जाऊन डाक्टरला आणलं.” मग रुबीनाचा उतरलेला चेहरा बघून त्या मुलाकडं वळल्या. “तिला कशाला बोलायलाव रं? तू तवा चहा प्यायला गेलता ना?”

मुलगा खजील झाला. मेट्रन मॅडमनी त्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनीही हेच सांगितलं. आम्ही सुटलो असं वाटलं. तेवढ्यात सर मॅडमना म्हणाले, “माझी एक चूक सांगायची राहिली. हिचा हात चांगला आहे म्हणून मी हिच्या वाक्यांकडं काणाडोळा करून हिला पास केलं. शिक्षा करायची तर मला करा. रोज दुपारी मला वॉर्डात येऊ द्या.” मॅडम पहिल्यांदाच हसल्या. “ही शिक्षा तुम्हाला की पोरींना?”

आणि सर खरंच यायला लागले. चादरींच्या कपाटाजवळच्या स्टुलावर बसायचे, दवाखान्याचा वास सहन होत नसल्यानं मफलर नाकाला लावलेला. रिपोर्ट लिहिण्याआधी प्रत्येकीनं घडलेलं मराठीत सांगायचं, असा त्यांचा नियम. आधी काय झालं, मग काय झालं, कशामुळं झालं. तोंडानं नीट सांगता आलं की मग इंग्रजी. रुबीनाला तर ते प्रत्येक गोष्ट तीनतीनदा सांगायला लावत. हळूहळू तिच्या लिहिण्यात ‘आफ्टर’ आला, ‘बिफोर’ आला, आणि एके दिवशी ‘ॲज सून ॲज’ आला. त्या दिवशी सरांनी कॅन्टीनमधून सगळ्या वॉर्डाला चहा मागवला. पेशंटांनाही.

आता रुबीना संभाजीनगरला एका मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या विभागाची इन्चार्ज आहे. मी माजलगावला. नवीन मुली ड्यूटीवर आल्या की मीही त्यांना आधी मराठीत सांगायला लावते, आणि माझ्या पाठीमागं त्या माझंही काही नाव ठेवत असतील.

सर निवृत्त झाल्यावर बीडलाच राहिले. शेवटी शेवटी साखर फार वाढली, दवाखान्यात भरती करावं लागलं. मी भेटायला गेले तर खाटेच्या पायाशी लटकवलेला कागद मागवून घेऊन वाचत होते. एका शिकाऊ डॉक्टरनं लिहिलेला मजकूर बोटानं दाखवत मला म्हणाले, “यात पेशंटला घरी सोडलंय का साखरेला, ते काही कळत नाही बघ.” त्या पोरानं कान पकडून हसत कागद दुरुस्त केला. सरही हसले, आणि त्यांचं ते हसतानाचं तोंड मी शेवटचं बघितलं. गेल्या थंडीत सर गेले.

मी आणि रुबीना काकूंना भेटायला गेलो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शांत होत्या. आम्ही सरांच्या गोष्टी काढल्या. कानामागं हात धरून वाक्य पुरं होईपर्यंत कसे उभे राहायचे ते रुबीनानं करून दाखवलं. काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

“तुम्हाला पुरं वाक्य मागायचे होय? घरात तर एवढ्या वर्षांत त्यांनी एक वाक्य पुरं केलं न्हाई! ‘अगं ते...’ म्हणायचे, मी चष्मा द्यायची. ‘अगं जरा...’ म्हणायचे, मी पंखा लावायची. अर्धं ते बोलायचे, अर्धं मी करायची.” हसता हसता त्या थांबल्या. “आता दिवसभर घरात कोणी काही सुरूच करत न्हाई.”

 काकू उठल्या, “चहा ठेवते” म्हणून आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. मग आतून हाक आली, “अगं रुबीना, ती वरची...”

रुबीना उठली, आत गेली आणि फळीवरची साखरेची बरणी काढून तिनं काकूंच्या हातात दिली.