मोड, मध आणि जमादार

हंगामात आमच्या कापसाच्या जिनात सरकीचे ढीग लागत, तसे बॉयलरजवळ किस्से साचत. बाकीचे कुठेही सांगतो. नामदेवच्या 'शरबता'चे मात्र आजही दार लोटून घेतल्याशिवाय सांगवत नाहीत!

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराचं हिंगणघाट. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी कडक. बाटली सापडली की नोकरी गेली, जेल वेगळी. आम्ही तिघं: मी काट्यावर कापूस मोजणारा, गणपत फिटर आणि बॉयलर सांभाळणारा नामदेव. दुसऱ्या महायुद्धात नामदेव फौजेत, इटलीत ट्रक चालवायचा. तिथे एका सार्जंटनं त्याला मध आणि मोड आलेल्या जवाचं आंबवलेलं पेय पाजलं होतं. ती चव काही जिभेवरून जाईना.

"मोहाची दारू पेलो, पन त्याची सर नाई. आपनच करू!" नामदेव म्हणाला.

गणपत म्हणाला, "आमी चाखलीच नाई, तं जमली का बिघडली कसं समजन? आधी चव शोधू."

*

सेलूच्या एका वैद्यांकडे मध घालून आंबवलेलं अरिष्ट मिळतं, असं कळलं. दुकानात शिरलो, तर बाकावर हवालदार खोकत बसलेला! मागे फिरावं तर संशय. गणपत घाबरून ओरडलाच, "तीन बाटल्या दशमूलारिष्ट!"

वैद्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे बाळंतिणीचं औषध. तिघांच्याही घरी?"

"हो जी!"

हवालदार उठून सरळ माझ्यापाशी आला. माझं तर लग्नही व्हायचं होतं! त्यानं माझा हात गच्च धरला.

"पोरगा का पोरगी?"

*

अरिष्टात नामदेवला ती चव सापडली नाही, म्हणून मग रोहणा गावापलीकडच्या रानात गेलो. तिथे मध काढणारे मानसारामबाबा नावाचे म्हातारे गोंड राहायचे. ते मधात मोडाच्या ज्वारीचं पीठ घालून आंबवतात, असं ऐकलं होतं. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. दारात त्यांची बायको कुऱ्हाड घेऊन उभी. बाबांनी पानाचे तीन द्रोण भरून पुढे सरकवले.

"आधी तुमी प्या."

"काऊन बाबा?"

"पोलीस असान, तं पेल्यावर मले कसे पकडान?"

प्यालो. आंबट, गोड आणि मागून मोडाचा खरपूस स्वाद. नामदेवचे डोळे भरून आले. "हेच! आगदी हेच!" तेव्हा कुठे बाईनं कुऱ्हाड खाली ठेवली, आणि बाबांनी सगळी कृती समजावून सांगितली.

*

पहिला घडा बॉयलरच्या उबेला लावला. वास असा सुटला की मॅनेजरसाहेब नाकाला रुमाल लावून आत आले. घडा त्यांच्या बुटापासून हातभर!

"कशाचा वास हा?"

"सरकी भिजली, साहेब," गणपत म्हणाला.

साहेब घड्याकडे न बघता वळले. आम्ही सुटलो म्हणतो, तोच दारातून हुकूम आला, "सगळा ढीग उन्हात पसरा. तुम्ही तिघांनीच!"

*

त्यानंतर माल बाटल्यांत भरून नामदेवच्या घरी, वरच्या फळीवर ठेवला. होळी झाली आणि त्याच्या मुलीला, शांताला, पाहायला पाहुणे आले. मुलगा मास्तर, शांताच्या मनात भरलेला. बाप 'सरकारी नोकरीत', एवढंच मध्यस्थ बोलला होता. मी आणि गणपत घरचेच म्हणून बसलेलो.

नामदेवनं विचारलं, "आपन कोनत्या खात्यात?"

"दारूबंदीचा जमादार."

नामदेवनं पोह्यांचं ताट पुढे करता करता वर पाहिलं. फळी नेमकी जमादाराच्या डोक्यावर! उन्हानं छपराचे कवेलू तापलेले. मी मनात देवाचा धावा करत होतो.

भक्क!

एका बाटलीचं बूच कवेलूवर आदळलं. फेस फळीवरून ओघळला आणि थेंब थेंब जमादाराच्या खांद्यावर पडायला लागला. शांताचा चेहरा पांढरा पडला.

नामदेवची बायको कशीबशी म्हणाली, "मध हाय जी. खोकल्याचा."

जमादारानं खांद्यावर बोट फिरवलं. वास घेतला. बोट चाटलं. डोळे मिटले.

"कच्चा हाय," तो म्हणाला. "मुराले किती दिवस लागन?"

नामदेवनं बोटांवर दिवस मोजले. "अक्षय तृतीयेपावतर... साहेब."

जमादारानं मुलाकडे पाहिलं, मग शांताकडे.

"मंग लगन अक्षय तृतीयेलेच धरा!"