‘आफ्रिकन’ नावाची भाषा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही – आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. उलट यातला अर्धा भाग मी चारचौघांत इतक्या ऐटीत सांगितलाय, की विचारू नका. आमच्या वेस्ट विंडसर गावातलं एकही पॉटलक – म्हणजे घरोघरून डबे आणून केलेलं जेवण – सुटलं नसेल. त्या अर्ध्या गोष्टीत मी शूर आहे. गोष्ट खोटी नाही बरं का. जे जिंकलं गेलं, ते खरोखरच जिंकलं गेलं. फक्त मी – थांबा, नीट सांगते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. नवरा प्रिन्स्टनजवळ एका लॅबमध्ये आणि मी, पुण्याची भाषाशास्त्रातली एम.ए., एका छोट्या प्रकाशन कंपनीत प्रूफं तपासत होते. शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दकोश निघत होता. वसुधा त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मी ‘सू’ झाले.

शेजारच्या टेबलावर फोलाशादे. नायजेरियातल्या इबादानची, मायबोली योरुबा. उंच, डोक्याला झळझळीत कापड बांधून यायची. कापडाची गाठ रोज वेगळी. तिच्या नावाची त्यांनी ‘फॉली’ करून टाकली होती. इंग्रजीत फॉली म्हणजे मूर्खपणा – शब्दकोशाच्या ऑफिसात हे कुणाला ठाऊक नसणार? मला होतं. तरी लोकांसमोर मीही फॉलीच म्हणायचे.

जेवण आम्ही एकत्र करायचो. माझी पोळी-भाजी तिला मिळमिळीत लागे. तिच्याकडची मिरचीची चटणी ती वर ओतून घ्यायची. एकदा तिने तिचं लहानपणीचं वाचनाचं पुस्तक आणलं. अक्षरांखाली टिंबं, अक्षरांवर सुरांच्या खुणा. मग योरुबा बायबल, वर्तमानपत्रांची कात्रणं. तिने मला ‘ओको’ शिकवलं – एका सुरात म्हटलं तर नवरा, दुसऱ्या सुरात कुदळ, तिसऱ्यात गाडी. माझ्या तोंडून नेहमी कुदळच निघायची. किती हसायचो आम्ही! हे सगळं मी माझ्या हातात धरून पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा. मी तर कधीच विसरले नाही.

मग दशिकीचं प्रकरण झालं. दशिकी म्हणजे तो सैल, गळ्याशी नक्षी असलेला रंगीत सदरा. अमेरिकेत तो केव्हाच रुळला होता, मॉलमध्ये मिळत होता. आमच्या कोशात त्या शब्दाचं मूळ दिलं होतं, ‘आफ्रिकन’. फोलाशादेने प्रुफावर लाल पेन्सिलने लिहिलं – ‘आफ्रिकन नावाची भाषा नाही. हा शब्द योरुबातून आला, योरुबांनी तो शेजारच्या हौसा लोकांकडून घेतला.’ आणि जिथे ‘योरुबा : पश्चिम आफ्रिकेतली एक जमात व तिची बोली’ असं छापलं होतं, तिथे ‘बोली’वर काट मारून तिने ‘भाषा’ केलं.

आमचे संपादक मिस्टर बेकर यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर तिची प्रुफं पसरलेली.

“सू, तू भाषाशास्त्र शिकलीस. हे बरोबर आहे का?” आणि मी तोंड उघडायच्या आत – “तुमची मराठी म्हणजे हिंदीचीच बोली ना?”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी भांडले. सातआठशे वर्षांचं वाङ्मय, लिपी, व्याकरणं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मान डोलावत होते! या देशात पहिल्यांदाच कुणीतरी माझं असं ऐकत होतं. शेवटी म्हणाले, “ठीक. मराठी भाषा. पण या योरुबात छापलेलं काही आहे का? तू पाहिलंयस?”

आणि मी म्हणाले – नाही.

एवढंच. “नाही, मी तरी पाहिलेलं नाही. बहुतेक तोंडीच असावी.”

का म्हणाले? कुणी धमकावलं नव्हतं. नोकरीवर गदा नव्हती. मला नुकती जी पायरी मिळाली होती, तिथे दुसरं कुणी नको होतं. माझ्या खाली कुणीतरी असलं की माझी पायरी उंच दिसणार होती. याला दुसरं काय नाव द्यायचं?

बेकर म्हणाले, “मग शुक्रवारी तिच्या दुरुस्त्यांवर मीटिंग आहे, ती झाली की तिला नोकरीतून मोकळं करू. फार अडून बसते.” मी मान हलवली. टेबलावर परत आले. फोलाशादेने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, कॉमांबद्दल.

शुक्रवारी ती निळं, कडक इस्त्रीचं कापड डोक्याला बांधून आली. हातात जड पिशवी. आम्ही आठ-नऊजण लांब टेबलाभोवती बसलो होतो. बेकरनी सुरुवात केली, “फॉली, आम्हाला मिळालेल्या माहितीप्रमाणे –”

“फोलाशादे,” ती म्हणाली. शांतपणे. “चार अक्षरं आहेत. तुम्ही याहून लांब शब्दांचे अर्थ लिहिता.”

कुणीतरी हसलं. मग ती उभी राहिली आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत गेली. वाचनाचं पुस्तक. बायबल. वर्तमानपत्रं. एक जाडजूड व्याकरण – ते मात्र मीही पाहिलं नव्हतं. मग तिने सगळ्यांकडून ‘ओको’ म्हणवून घेतलं. बेकरनी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा आपल्या बायकोच्या नवऱ्याला कुदळ म्हटलं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याही.

आणि तेवढ्यात ती माझ्याकडे वळून म्हणाली, “वसुधाला विचारा. तिने हे सगळं पाहिलंय.”

वसुधा. त्या ऑफिसात सगळ्यांसमोर माझं पूर्ण नाव पहिल्यांदा नीट उच्चारलं गेलं ते असं.

बेकर माझ्याकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं. त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी म्हटलं, “हो. पाहिलंय.” धैर्य म्हणून नाही – पुस्तक समोर पडलेलं असताना दुसरं काय म्हणणार होते?

बेकरनी लाल पेन्सिल उचलली आणि स्वतःच्या हाताने प्रुफावर लिहिलं – भाषा. दशिकीपुढे लिहिलं – योरुबा. टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या, टेबल बडवून! फोलाशादेने दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने, अख्खा मजला ऐकेल अशी हसली. तिला मोकळं करणं राहिलंच बाजूला. कोशातल्या आफ्रिकेतून आलेल्या एकूण एक शब्दाचं काम तिच्याकडे आलं. पुस्तक निघालं तेव्हा आतल्या पानावर तिचं नाव होतं, पूर्ण, अक्षरांखालच्या टिंबांसकट. देशभरच्या शाळांत गेलं ते.

त्या दुपारी तिने मला मिठी मारली. “तू माझ्या बाजूने उभी राहिलीस,” म्हणाली. मी तिच्या पाठीवर थोपटलं. नाही म्हटलं नाही.

बेकर वारले. आम्हा दोघांत झालेलं त्यांनी कधी बाहेर काढलं नाही. फोलाशादे पुढे दूर अल्फारेटा शहरात राहायला गेली. अजून माझ्या वाढदिवसाला फोन करते, माझ्या मुलीला विचारते, ‘तुझी आई माझ्यासाठी लढली होती, माहीत आहे ना?’ मुलगी म्हणते, “ऑफ कोर्स, आंटी.” मी जवळच उभी असते.

फोलाशादे, त्या टेबलावर तू बेकरना हरवलंस, हे तुला माहीत आहे. तुझ्याविरुद्ध आणखी एक माणूस होतं. ती मी. तू तिलाही हरवलंस.